उजव्या पायानं लंगडणारी गाडी

प्रिय आश्रुबा,

राधाकिशन कंडक्टरकडे दिलेल्या खोक्यात तुझ्या मोटारसायकलचे दोन नवे मागचे शॉकअप आहेत आणि त्यांच्यावर हे पत्र. दोन्ही मी स्वतः अंबाजोगाईला जाऊन, समोर सील फोडून, बघून आणले. गुरुवारी वहिनींच्या हाताचं प्लास्टर काढायला तू त्यांना बीडला नेणार, असं तुझ्या ऋतुजाकडून कळलं. त्याआधी हे बसव. मी तुला दिलेल्या त्या जोडीवर वहिनींना मागे घेऊन नेकनूरच्या वेशीपर्यंतसुद्धा जाऊ नकोस.

आज सकाळी तुझ्या जोडीबरोबर आलेली दुसरी जोडी फळीवरून काढली. वरची राख पुसली. परळीत वीज केंद्राची राख कशावर नसते? पण राखेबरोबर काळा रंगही फडक्यावर आला आणि खाली गंज दिसला. नळी करवतीनं कापली. आतून दोन चमचे जळकं, पाण्यासारखं पातळ झालेलं ऑइल सांडलं आणि असा वास सुटला की आमची दानम्मा घरातून ओरडली, "दुकानात काय मेलंय का?" तीनदा हात धुतले, तरी जेवताना बोटांना तोच वास. ताट सरकवून उठलो. भंगारातले शॉकअप रंगवून चकचकीत खोक्यात भरायचे आणि विकायचे! तो माल घेऊन आलेला माणूस कपाळावर भस्माचे पट्टे ओढून आला होता, जाताना माझ्या पायाही पडला. आज ते पाऊलसुद्धा धुवून काढावंसं वाटलं.

त्याहून जास्त किळस त्या दिवसाची येते. ती जोडी बसवल्यावर तू दुकानात येऊन म्हणालास, "गुंडप्पा, गाडी लंगडायली. उजव्या पायानं." गहिनीनाथ बाकावर बसला होता. तो म्हणाला, "खुरात काटा हाय का बघ बे!" सगळे हसले आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. वर तुलाच सुनावलं, "लई वजन लादत असशील." तू गाडी वळवून गेलास. रामकिसन मिस्त्रीकडे आपण दोघं शिकायला होतो, तेव्हा मी पाने-पकडी घेऊन झगडायचो आणि तू गाडीच्या मागं दहा पावलं चालून दोष सांगायचास. मिस्त्री म्हणायचे, मेंढरं राखणाऱ्याला चाल कळते, ती गुंडप्पाला जन्मात कळायची नाही. हे मला ठाऊक होतं, तरी हसलो. आठ दिवसांनी वहिनी गतिरोधकावर उडून पडल्या. ऋतुजानं रडत फोन केला, "काका, आईचा हात मोडला." मी त्या पोरीला काय सांगितलं? बाबाला म्हणावं, वजन कमी लाद.

आता नीट ऐक. गाडी डबल स्टँडवर घे. दोन्ही शॉकअप एकदम काढू नकोस, नाहीतर मागच्या चाकाचा चिमटा खाली बसतो आणि बोल्ट जुळत नाहीत. आधी उजवा काढ, नवा लाव, मग डाव्याला हात घाल. रबरी बुश जात नसेल तर साबणाचं पाणी लाव. ऑइल नको, रबर फुगतं. हातोडी तर नकोच. वायसरच्या चकत्या होत्या तशाच घाल. नट आधी हातानं फिरव, मग गाडी चाकांवर घेऊन, वर बसून चार हिसके दे आणि नंतर पान्यानं आवळ. स्प्रिंगच्या खालच्या कडीला ताण कमी-जास्त करायच्या पाच खाचा आहेत. एकटा असशील तर दुसरी, वहिनी मागे असतील तर तिसरी, दुधाचे कॅन असतील तर चौथी. दोन्ही बाजूंना एकच खाच ठेव. सीट दाबून सोड. गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे. दोन-तीनदा डुलली तर समज आत काही नाही.

कापलेली नळी मी गहिनीनाथला दाखवली, बाकीच्यांनाही दाखवली. माल आणणाऱ्यानं मला फसवलं म्हणालो. सगळे हळहळले, एकानं तर माझ्यासाठी चहा मागवला. तो चहा मी तसाच परत पाठवला, कारण ते खरं नाही. तुझी जोडी खोक्यातून काढली तेव्हाच माझ्या अंगठ्याला काळा रंग लागला होता. मला दिसला. तू समोरच उभा होतास. मी अंगठा पँटला पुसला आणि जोडी तुझ्या पिशवीत टाकली. दुसरं गिऱ्हाईक माल उलटापालटा करून बघतं. तू माझ्याकडचं कधी बघत नाहीस, म्हणून तुला दिली. फोन करणार होतो, पण फोनवर मी पुन्हा वजनाचंच काहीतरी बोललो असतो, म्हणून लिहिलं. वहिनींना हे वाचून दाखव, ऋतुजालाही. आणि शॉकअप बसवून झाले की ऋतुजाला गाडी हळू चालवायला सांग, तू मागं चालत बघ. लंगडली नाही, तरच वहिनींना बसव. माझ्या शब्दावर बसवू नकोस.

लिहायला हात धजत नाही, तरी तुझाच,
गुंडप्पा