लांडग्याची रीत

जळोची, शनिवार, जानेवारी १९९६

खेळायचा पगार घेणाऱ्या पोरींचा पुण्याचा बास्केटबॉल संघ आज माझ्या नातीच्या गावच्या संघाकडून हरला. त्यांना कधी कोणी हरवलं नव्हतं. नात सुमन हरली असती तर बापानं तिचा खेळ बंदच केला असता. म्हणून काल मीच तिच्या संघातल्या पोरींना सांगितलं, "उंच पोरीच्या नादी लागू नका. तिला चेंडू देणारीला एकटी पाडा." जन्मभर मेंढरं राखली; लांडगा मेंढरांत असंच करतो.

चेंडू देणारी ती पोर आमच्या दोघींत अडकून आपल्या माणसांकडं बघत राहिली. मेंढी तशीच बघायची. खेळच होता ना? मग ते बघणं डोळ्यांपुढून का जात नाही...

जेवताना सुमन म्हणाली, "आबा, उद्या फायनल हाय. कुणाला तोडायचं?"

मी ताटात बघत सांगितलं.