डाव्या बाजूचं पायदान

उस्ताद, माझं सगळं बदललं ते त्या पोरानं जीपच्या बोनेटवर लग्नपत्रिकांचा गठ्ठा ठेवला तेव्हा. त्याच्या आधी मी आपल्या गॅरेजात रोजच्यासारखाच होतो. सकाळी टायरवाल्याशी भांडण झालेलं, चहा गार पडलेला, डोकं तापलेलं. पोरगा दिंद्रुडकडचा, घरची बागायती जमीन, बोलायला मोकळा. जुनी खुली जीप पुण्याकडून घेऊन आला होता. म्हणाला, "भावड्या, आशी उचलून दे की गावात शिरली का बाकीच्या गाड्या बकऱ्या दिसल्या पायजेत. आन पुढं बंपर लाव, भिंतीवानी. नवरी ह्याच गाडीत आणायची." मी हसलो, हात पुसले, आणि वरची पत्रिका सहज उचलली. त्याच्या नावापुढं तिचं नाव होतं. छापलेलं नाव वाचायला किती वेळ लागतो? मी मात्र बराच वेळ वाचत उभा होतो. तो म्हणाला, "ठेव ती तुलाच. यायचं बरं का जेवायला." त्या दिवशी फोन केला तिला. तिनं उचलला, हेच नवल. मी ओरडलो, विचारलं, कावून सांगितलं न्हाई मला? ती शांत होती. म्हणाली, "मला विचारलं होतं घरच्यांनी. मी हो म्हणले." तिला कुणी बांधून घातलं असतं, तर मी भिंती फोडल्या असत्या. ती हो म्हणली, त्याला काय फोडू?

तुम्हाला ती ठाऊक आहे. तुम्ही तिला "वो लंगडी सरकार" म्हणायचात, आणि मी चिडलो की दाढीत हसायचात. तिचा गुडघा गेला तेव्हा मी पाठीमागंच होतो. केजच्या स्टँडवर एसटी सुटायच्या घाईत ती पायरीवरून निसटली, डावा पाय खाली दुमडला, आणि मी तिला उचलायचं सोडून कंडक्टरची कॉलर धरली. ती खालून, धुळीतून, दात खाऊन म्हणते, "आधी मला उठव. मग मार त्याला." तिथून सुरू झालं. अंबाजोगाईला तिचं ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली, गुडघा पुन्हा पुरता वाकला नाही. बसमध्ये चढताना ती डाव्या हातानं दांडा धरते, उजवा पाय आधी वर टाकते, मग दुसरा ओढून घेते. उतरताना मात्र तिला खाली बघावं लागतं, आणि ते तिला आवडत नाही. हे मी कॉलेजात शिकलो. बाकी तिथं काय शिकलो ते आठवत नाही. एका पोरानं वर्गात तिच्या चालण्याची नक्कल केली, मी त्याला बाकावरून खाली ओढून मारलं, प्राचार्य म्हणाले माफी माग, मी म्हणालो मागत नाही, आणि दुसरं वर्ष अर्धं टाकून थेट तुमच्या दारात आलो. मला वाटलं, उस्ताद पाठ थोपटतील. तुम्ही माझी पिशवी उचलून रस्त्यावर टाकली. "माफी मागायला काय जातं बे? जीभ झिजती का? जा, मागून ये, मग पाना धर." मी गेलो नाही. रोज येऊन समोरच्या टपरीवर बसायचो आणि तुमच्याकडं बघायचो. शेवटी तुम्हीच कंटाळलात. एक दिवस गाडीखालून नुसता हात बाहेर काढलात आणि म्हणालात, "सतरा नंबरचा पाना दे."

मग मी काय काय केलं तुमच्या हाताखाली! पहिल्यांदा चष्म्याशिवाय वेल्डिंग मारलं आणि घरी जाऊन डोळ्यांत वाळू भरल्यासारखा लोळलो. तुम्ही तुमच्या घरून चाचीला घेऊन आमच्या घरी आलात. चाचीनं बटाट्याच्या चकत्या कापून पापण्यांवर ठेवल्या, आणि तुम्ही उशाशी बसून शिव्या दिल्या. "खुदानं डोळे दोनच दिलेत. तिसरा मागाया कुठं जातो?" त्या ईदला शीरखुर्म्याबरोबर तुमचा स्वतःचा काळा चष्मा माझ्या हातात ठेवलात. त्याची एक दांडी तारेनं बांधलेली होती. मला नवा हवा होता. मी तोंड वाकडं केलं, तेही तुम्ही पाहिलं. कोरोनाच्या त्या उन्हाळ्यात तुम्ही बीडला दवाखान्यात गेलात आणि परत आला नाहीत. त्यानंतर दुसरा चष्मा मी डोळ्याला लावलेला नाही.

तर ती जीप. मागंपुढं स्प्रिंगचा एकेक पाटा वाढवला, स्प्रिंग टांगायचे शॅकल लांब केले, शॉकअप नवे टाकले. गाडी उंच झाली की ब्रेकचा रबरी पाइप ताणतो, तोही लांबच टाकायचा, नाहीतर खड्ड्यात चाक लोंबकळलं की तुटतो. हे तुम्ही मला कान धरून शिकवलं होतं. जुना पाइप हातात घेऊन मी गाडीखाली पडून राहिलो होतो, उस्ताद. तिथं कुणी वाकून बघत नाही. मनात काय काय आलं ते तुम्हाला सांगत नाही. पाइप लांब टाकलाय, एवढंच सांगतो. बंपर त्याला भिंतीसारखा पाहिजे होता, तसा जाड चॅनलचा केला, पण बोल्ट तुमच्या रीतीनं बारीक घातले. "बंपर ठोकायला नसतो, ठोकून घ्यायला असतो. वेळ आली की त्यानं तुटावं, चेसिसनं न्हाई." हे तुम्ही गिऱ्हाइकाला सांगायचात आणि बघायचात मात्र माझ्याकडं.

काल दुपारी चाचीला हाक मारली. आरटीओची पासिंग नंतर, आधी चाचीची, ही तुमची रीत मी मोडलेली नाही. उचललेली गाडी असली की तुम्ही मागच्या घरातून चाचीला बोलवायचात, पिठाच्या हातानं तिला डाव्या सीटवर चढायला लावायचात. गिऱ्हाईक हसायचं. चाचीला कुणी खालून ढकलावं लागलं, तर तुम्ही एक पाटा परत काढायचात. काल चाची आली, पदर खोचला, पाय वर टाकून पाहिला, पुन्हा टाकला, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ये क्या रे, जीप है के माडी? सीडी ला पैले." मी हसायला गेलो आणि मला ती दिसली. शालू नेसलेली, हातभर चुडा, सगळं गाव बघतंय, आणि तिचा डावा पाय वर येत नाही.

मी लगेच पट्टी कापून पायदान कच्चं टाचलं. तेवढ्यात तो आला, दोन दोस्त घेऊन. "हे काय? पायदान? काळीपिवळी हाय का बे ही?" दोस्त म्हणाला, "वरून टप टाक आन केज-धारूर सीटा भर." सगळे हसले. तो म्हणाला, "नवरीला मी उचलून चढवीन की." उस्ताद, माझ्या हातात मोठा पाना होता. मी म्हणालो, "चढवशील. उतरवणार कोण? रोज? बाजारात, दवाखान्यात, तू नसताना?" तो म्हणाला, "तुला काय पडलंय येवढं?" मी म्हणालो, "चाचीची पासिंग झाली न्हाई. पासिंग झाल्याबिगर गाडी जात न्हाई इथून." दोस्त पुन्हा हसले, तो नाही हसला. त्यानं त्यांना चहा सांगायला पाठवलं. मग पायदानाच्या पट्टीवर स्वतःचा पाय ठेवून पाहिला आणि हळू बोलला, "तिच्या गुडघ्याला हाय जरा. मला बघायच्या दिवशीच सांगितलं तिनं. माझ्या ध्यानातच आलं न्हाई बघ, मी आपला उंचीच्या नादात. बरं केलंस. अजून थोडं खाली घे. आन धरायला दांडा लाव एक, डाव्या हाताला."

डाव्या हाताला, म्हणाला. त्याला तेही ठाऊक होतं.

तो नालायक निघाला असता तर मला जगायला काहीतरी मिळालं असतं. वर्षानुवर्षं त्याला शिव्या दिल्या असत्या, रस्त्यात गाडी अडवली असती, माझा राग मला पुरला असता. आता रागाचं काय करू? तुमच्याकडं आणला असता तर तुम्ही पिशवीसारखा उचलून रस्त्यावर टाकला असता, आणि मी टपरीवर बसून बघत राहिलो असतो. पण तिथंही आता तुम्ही नाही. गॅरेजात उभा राहिलो की वाटतं छताला जॅक लावावा, सोडावा, आणि हे सगळं खाली येऊ द्यावं. चाची दारातनं विचारते, जेवला का. मी हो म्हणतो. जेवलेलो नसतो.

आज सकाळी पायदान पक्कं बसवलं. कडा घासून गोल केल्या, शालू अडकू नये म्हणून. दांडा लावला. चाची आली, डाव्या हातानं दांडा धरला, एक पाय, मग दुसरा, आणि सीटवर बसून राणीसारखी इकडंतिकडं बघितलं. "पास," म्हणाली. मग माझं तोंड बघितलं. डोळे लाल, पाणी थांबेना. मी म्हणालो, वेल्डिंग लागलं चाची. ती आत गेली आणि बटाटा कापून घेऊन आली.

हे मी शॉकअपच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहितोय, त्याच डाव्या सीटवर बसून. तिची उंची लक्षात घेऊन सीट थोडी पुढं सरकवली आहे. हा पुठ्ठा तुमच्याकडं पाठवायचा कुठं? उद्या कुठल्यातरी गाडीखाली अंथरीन आणि त्यावर पडून पाटे सोडीन. ग्रीस लागलं की अक्षरं जातील. गाडी न्यायला निघालेली माणसं पाऊण रस्त्यावर असतील, फोन आला होता. चावी लावून ठेवलीय. एक सांगायचं राहिलं, उस्ताद. चाचीला सांगू नका. वेल्डिंग करताना चष्मा मी लावला होता, तुमचाच, तारेच्या दांडीचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत लावला होता.

आता उतरतो. दांडा धरून, पायदानावर पाय ठेवून, ती उतरेल तसा. खाली बघावं लागत नाही. जीपचं अर्धं दार लावतो, हळू, आपटत नाही, आणि निघतो.