काचेपलीकडचं तळं

बाबा, आज तुम्ही बघायचात ते मी पाहिलं. अंबरनाथच्या कारखान्यात हल्ली जाड पत्रे जोडताना वेल्डिंगच्या टॉर्चशेजारी कॅमेरा बसवतो आम्ही. काळी काच त्याच्या डोळ्यावर, आपण आपलं स्क्रीनसमोर खुर्ची टाकून बसायचं. आत वितळलेल्या लोखंडाचं एवढंसं तळं दिसतं, नखाएवढं, केशरी, काठाशी सतत हलणारं. ते जरा एका बाजूला कललं की संगणकाला तिथल्या तिथे कळतं आणि टॉर्च आपोआप सरकतो. तो वेळेवर सरकतो की नाही, हे बघणं माझं काम. तुमची मुलगी याचा पगार घेते, हसू नका.

तुम्ही मला ते कधी बघू दिलं नाहीत. शाळेला सुट्टी असली की मी तुमच्याबरोबर कॅम्प दोन वस्तीतल्या तुमच्या वर्कशॉपमध्ये यायचे. तुम्ही वेल्डिंग सुरू करण्याआधी हातमोजा काढता, तळवा माझ्या गालावर ठेवता आणि माझं तोंड भिंतीकडे फिरवता. "तिकडं नाय बघायचं. डोळे जातील." मग मी भिंतीवर थरथरणारा निळा उजेड बघत बसते. सूर्यग्रहणाला मात्र हेंद्रेपाड्यातल्या आपल्या घराच्या गच्चीवर तुम्हीच दोन काळ्या काचा एकावर एक लावून माझ्या हातात दिल्यात. सूर्य चालतो, मग तुमचं काम का नाही, म्हणून मी रुसले. "सूर्य लांब आहे गं," तुम्ही म्हणालात, "हे जवळचं." तेव्हापासून मला एवढंच हवं होतं. तासन् तास वाकून, आम्हाला विसरून तुम्ही काय बघता, ते एकदा बघायचं होतं. तुम्ही गेलात तरी ते राहूनच गेलं.

आज चाचणी सुरू झाली, स्क्रीनवर उजेड फुटला आणि मी झटकन भिंतीकडे तोंड केलं. ऑपरेटरला हसू आवरेना. "मॅडम, वो तो स्क्रीन है. काय नाय होत, बघा बिनधास्त." मग बघितलं. बराच वेळ बघत राहिले. इतकं शांत होतं ते, बाबा. तुम्ही आम्हाला का विसरायचात ते कळलं आणि इतक्या वर्षांचा राग कुठे गेला, ते समजलंही नाही.

हे पत्र पाठवणार कुठे? ग्रहणाच्या त्या काचा कपाटात आहेत, त्यांच्याखाली ठेवते. एक सांगायचं राहिलं. दुपारी दुसरा जोड सुरू झाला, तेव्हा मी पुन्हा मान वळवली. या वेळी मुद्दाम. डोळे मिटले आणि गालावर तुमचा हात येईल म्हणून थोडी थांबले.