पडली म्हणजे काय

प्रिय ताई,

काल फोनवर तुझ्या लेकीबद्दल "धावण्याच्या चाचणीत पडली" म्हटलं, तर तू घाबरून विचारलंस, "गुडघा फुटला का गं?" मला म्हणायचं होतं, निवड झाली नाही. पण मी "थोडं खरचटलंय" म्हणून मोकळी झाले.

विद्यापीठाच्या मैदानावर तुझी लेक सगळ्यांच्या पुढे होती. शेवटच्या रेषेअलीकडे ती चक्क चालायला लागली.

"मावशी, खेळाडू म्हणून प्रवेश घेतला तर नुसतं पळतच राहीन. मला तिथल्या नाटकमंडळात जायचंय. मार्कांवर मिळतो का बघू. आईला सांगू नकोस."

आता तू मलम घेऊन निघाली आहेस. हे पत्र तुझ्या हातात ठेवावं की फाडावं, ठरत नाही. ती आरशासमोर लंगडून बघतेय, आणि ताई, इतकी खरी लंगडतेय की मीच दोनदा उठले.

तुझी,
धाकटी