कारंज्याखालची विहीर उकरण्याबाबत

प्रति,
मा. विशेष अधिकारी,
नगर कार्यालय, करेकल्लूर नवनगर,
देवनहळ्ळी रस्ता, बेंगळुरू.

विषय : सर्कलमधील कारंजे उद्घाटनापूर्वी हलवून त्याखालची विहीर उकरण्याबाबत.
संदर्भ : आपली निमंत्रणपत्रिका व शिलालेखाचा मसुदा.

महोदय,

अर्जदार गोजराबाई विठोजी जगताप, वय ६८, सविनय कळवते की, आपला माणूस साडी-नारळ घेऊन घरी आला, मान दिलात, आभार. मात्र शिलालेखातले दोन मजकूर साफ खोटे आहेत. एक, अर्जदाराचे पती विठोजी यांनी नगराच्या मधल्या सर्कलसाठी जमीन स्वखुशीने दिली व ते काशीस निघून गेले. दोन, नगराचे संस्थापक दयानंद अण्णा यांनी पहिली बोअर मारताना उजव्या हाताचे बोट गमावले.

विमानतळाची बातमी आली तेव्हा सदर सर्कलच्या जागी चकोतऱ्याची, म्हणजे पपनसाची, चाळीस झाडे, एक विहीर आणि अर्जदाराचे घर, एवढेच होते. दयानंद तीनदा जमीन मागायला आले, तीनदा विठोजी नाही म्हणाले. चौथ्यांदा भर दुपारी ते जेसीबी आणि अकरा माणसे घेऊन आले. आधी झाडे पाडली. विठोजी विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले. माणसांनी त्यांना साइटचे, म्हणजे प्लॉटचे, नंबर घातलेल्या दगडांनी मारले. पहिला दगड गुडघ्यावर, दुसरा तोंडावर बसला. दात कठड्यावर सांडले, तरी ते उठेनात, जन्माचे हट्टी. मग दयानंदांनी स्वतः मानगूट धरून त्यांना आत ढकलले. अर्जदार गवताचा विळा घेऊन धावली. तिला गळा हवा होता, पण हात आडवा आला आणि बोट तुटले. ते पोवळ्याच्या अंगठीसकट विहिरीत पडले. लगेच जेसीबीने माती लोटायला सुरुवात केली. आतून हाका येत होत्या, साहेब. तिसऱ्या खेपेला थांबल्या.

पोलिसांनी 'बेपत्ता' अशी नोंद केली. बोटाची तक्रार दयानंदांनी आजवर केली नाही, कारण मग ते कुठे पडले हे सांगावे लागले असते. त्या जागी आधी खडीचा ढीग झाला, मग रिक्षा स्टँड, मग सर्कल, आता कारंजे. चहूबाजूंनी दुकाने, बँका उठल्या. अर्जदार एकवीस वर्षे भाजीला जाताना तिथे चप्पल काढते. कागदोपत्री नवरा हयात, म्हणून ती कुंकू लावते. त्याच कुंकवापायी आपण तिला पहिल्या घरची सुवासिनी म्हणून फीत कापायला बोलावले आहे. लाज कशी वाटली नाही, असे विचारायचे होते. सून म्हणाली, तसे लिहू नये, म्हणून लिहिलेले नाही.

तरी विनंती की,

१. विहीर उकरावी. खोली चाळीस फूट. हाडे आणि बोट एकाच जागी सापडतील. बोट कोणाचे, ते अंगठी आणि दयानंदांचा हात सांगेल.

२. शिलालेखात बोअरऐवजी अर्जदाराचे नाव घालावे. बोट तोडल्याची जी शिक्षा असेल ती सरी, मान्य आहे.

३. हाडे अर्जदाराच्या पदरात द्यावीत. ती त्याच दिवशी कुंकू पुसेल आणि पुन्हा आपल्या दारी येणार नाही.

४. उद्घाटनापूर्वी हे न जमल्यास, त्या दिवशी दयानंद अर्जदाराच्या अगदी शेजारी उभे राहणार आहेत. तरी कृपा करून तिच्या हाती कात्री देऊ नये.

उत्तराची वाट पाहणारी,
गोजराबाई विठोजी जगताप
(डाव्या हाताचा अंगठा)
लिहून वाचून दाखवणार : सून सौम्या
दि. ३ नोव्हेंबर २०२५

सोबत : पोलिसांच्या नोंदीची प्रत, अर्जाचे कानडी भाषांतर, आपण दिलेली साडी, घडी न मोडलेली.