बाणदाराच्या हातातला नळ

विजयनगर, म्हैसूर

तीर्थस्वरूप जयवंतीआत्यांस,

नव्याचा साष्टांग नमस्कार. बेळगावची थंडी तुमच्या गुडघ्यांना सोसवत असेल असं धरून चालते. (सोसवत नसेल तर तसं कळवा, माझ्या हातून उगाच चुकीचं लिहून जायला नको.) टपालानं पोचेपर्यंत रविवार उलटेल, म्हणून या पत्राचा फोटो काढून फोनवर पाठवते आहे. आई-अप्पा बरे आहेत. मी बरी नाही, आणि त्याचं कारण तुमचे धाकटे बंधू, आमचे दामोदरकाका.

आपल्या मराठी मंडळाच्या सभागृहात रविवारी प्रदर्शन आहे, 'बाणापासून लढाऊ विमानापर्यंत'. उद्घाटनाला हवाई दलातून निवृत्त झालेले एक अधिकारी येणार आहेत. चित्रं काकांकडे, मजकूर माझ्याकडे. (घरी तुम्ही शिकवलंत म्हणून मराठी लिहिता येणारी आमच्या वयाची मी एकटीच उरले.) मी लिहिलं की आपले मूळपुरुष हैदर अलीच्या फौजेत बाणदार होते, हे बाण म्हणजे लोखंडी नळीत दारू ठासून उडवायची रॉकेटं, श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी ती विलायतेला नेली आणि त्यांवरून स्वतःची बनवली. इथवर सगळं नीट होतं. मग काकांनी ते चित्रकार मंजुनाथांना कन्नडमध्ये समजावलं.

चित्र आलं. मूळपुरुष धनुष्याला बाण लावून उभे, पाठीला भाता, चेहरा थेट काकांचा. मी म्हटलं, हा बाण तसला नव्हे. तर काका म्हणाले, "अय्यो, बाण म्हटल्यावर धनुष्य नको काय मा? हातानं फेकायचा, दगडासारखा?" मग मी स्वतः मंजुनाथांना सांगितलं, लोखंडी नळी. (इथे चूक माझी. कन्नडमध्ये 'नल्ली' म्हणजे पाण्याचा नळ, हे मला काय ठाऊक नव्हतं?) दुसऱ्या चित्रात धनुष्य गेलं, आणि मूळपुरुष रणांगणात पितळी नळ उगारून उभे, तोटीतून ज्वाळा. मंजुनाथ म्हणतात, "पाणी नाही मॅडम, आग दाखवलीय, नीट बघा." आग सुरेखच आहे, आत्या. आगीबद्दल माझी तक्रार नाही. (१९६१ साली बंगळुरात उडालेल्या 'मरुत' या लढाऊ विमानाच्या जागी डोंगर उचललेला मारुती येत होता. तो मी पेन्सिलीतच थांबवला.)

काका आता नळ काढायला तयार नाहीत. म्हणतात, लांबून तोफेसारखा दिसतो, आणि चेहरा फार छान उतरलाय. चित्राखाली मात्र ठळक अक्षरांत 'माहिती: नव्या' असं आहे. विमानं उडवण्यात आयुष्य गेलेला माणूस ते वाचून माझ्याकडे वळेल, तेव्हा मी कुठे बघू?

तुमची,
नव्या

ता. क. काका फक्त तुम्हाला घाबरतात. म्हणून काल मी सांगून टाकलं की जयवंतीआत्यांनी चित्र पाहिलं आणि नळ काढायला सांगितलाय. सोबत चित्राचाही फोटो आहे. तेवढा पाहा, म्हणजे निदान अर्धं तरी खरं होईल. त्यांचा फोन आला की जरा रागावून बोला.

आणखी एक. रॉकेटांचं सगळं मी पुस्तकांत ताडून पाहिलं, पण आपले मूळपुरुष बाणदार होते हे फक्त तुमच्याकडून ऐकलंय. आज काका चिडून म्हणाले, "बाणदार कसले? ते फौजेचे आचारी, नाचणीचे मुद्दे वळून जेवू घालायचे, विचार अक्काला!" तसं असेल तर कृपा करून सोमवारी कळवा.