अरुणने बदललेल्या तारा

बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५. दुपारी चार वाजून वीस मिनिटं.

मी राजपुऱ्याच्या बाजारातून भाजी घेऊन घरात शिरले आणि अरुणने, माझ्या धाकट्या भावाने, हसत माझी बास गिटार पुढे केली. चार नव्या तारा. चकचकीत.

"ताई, जुन्यांना गंज चढला होता. मैंने सब बदल दिए. खूश?"

खूश! जुन्या तारा दुपारच्या कचरागाडीत गेल्या म्हणे.

मी कॉलेजात असताना एका पंक बँडची, धसमुसळ्या रॉकची, कॅसेट अरुणनेच आणली होती. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी ऐकली असती तर कानांत बोटं घातली असती. त्यांचा बासवाला देखण्या वाद्यांना हात लावत नसे. रंग उडालेली जड बास, तारा छेडायची जाड पिक आणि वर्षानुवर्षं न बदललेल्या तारा. म्हणून त्याचा सूर गात नाही, ठोसा मारतो. हे मला समजावलं कोणी? अरुणनेच! निवृत्त झाल्यावर तशीच जुनी बास मी इंदूरहून शोधून आणली. चार वर्षं तारांना हात लावू दिला नाही कुणाला. गेल्या महिन्यात कुठे तो ठोसा माझ्या बोटांतून निघाला.

आज वाजवून पाहिली. भजनातल्या झांजेसारखी किणकिण.

त्या तारा मुरायला आणखी चार वर्षं जातील, जाऊ देत. पण त्या कॅसेटपाशी आम्ही दोघं एकच ऐकतोय, असं मी जन्मभर धरून चालले. ते खोटं होतं का?

चिठ्ठी लिहिलीय, सकाळी त्याच्या घराच्या दाराखालून सरकवीन. "अरुण, तेव्हा तुला नक्की काय ऐकू येत होतं? उत्तर लेखी हवं, शनिवारी दुपारी बाराच्या आत. फोन मी उचलणार नाही."